बोलायचं माप, कापायचं माप

आदरणीय अध्यक्षमहोदय, स्टुडिओच्या संचालिका बाई, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर, कपडेपटातले, रंगपटातले, सुतारखात्यातले आणि दिवे सांभाळणारे माझे सगळे सोबती, समोर बसलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो, आणि ज्यांच्या निरोपासाठी आज हे सभागृह इतकं गच्च भरलं आहे ते आपले शिंपीमास्तर, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलायची मला सवय, म्हणून समितीने भाषणही लिहून दिलं आहे. अक्षर फार सुरेख आहे हो. पण मी ते खिशात ठेवतो. हा आतला खिसा मास्तरांनीच शिवलेला आहे. माझ्या प्रत्येक कोटाला ते असा एक चोरखिसा ठेवायचे, कारण मी संवाद विसरतो हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आज मला चिठ्ठीची गरज नाही. जे बोलायचं आहे ते मी अकरा वर्षं पाठ करतो आहे.

आपल्या हातात जी कार्यक्रमपत्रिका आहे, तिच्यात मास्तरांचा परिचय छापला आहे. अठ्ठेचाळीस वर्षांची सेवा, इतके चित्रपट, इतके पोशाख, सगळं खरं आहे. फक्त तिसरी ओळ वाचा. ‘काही वर्षे कपडेपटप्रमुख म्हणून काम पाहिल्यानंतर त्यांनी स्वेच्छेने दुरुस्ती विभागाची जबाबदारी स्वीकारली.’ स्वेच्छेने! ज्याने लिहिलं त्याचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलं गेलं असणार. पण ही ओळ खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे या सभागृहात मला जितकं माहीत आहे तितकं कोणालाच नाही.

दुसरी गोष्ट. परवा मी रंगपटात बसलो होतो. एका मुलीच्या झग्याची बाही उसवली. तिची मैत्रीण पटकन म्हणाली, “गेलं! मास्तरांचा कोट झाला!” सगळ्या खळखळून हसल्या. आपल्या स्टुडिओत कुठलीही शिवण फाटली की असंच म्हणतात ना? पंचवीस वर्षं म्हणतात. त्या पोरींना बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार की हा कोट कुठला आणि हे मास्तर कोण. मास्तर तिथेच दोन हातांवर बसून सुईत दोरा ओवत होते. तेही हसले. मला मात्र तिथे बसवेना.

तर मंडळी, तो कोट माझा होता. तो का फाटला हे आज मला सांगायचं आहे. पाच मिनिटांत व्हायचं नाही, अध्यक्षमहोदय, आधीच माफी मागून ठेवतो. घंटा वाजवलीत तरी मी थांबणार नाही.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी या स्टुडिओत गर्दीतला माणूस म्हणून येत असे. पार्टीच्या दृश्यात मागे ग्लास घेऊन उभं राहणारा. एके दिवशी मुख्य नट आणि निर्माता यांचं वाजलं आणि नट तरातरा निघून गेला. सेट उभा, संगमरवरी दिसणारा लाकडी जिना उभा, दोनशे माणसं बसलेली. निर्मात्याने गर्दीकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. का? माझं रूप पाहून? छे हो! पाठमोरा मी त्या नटासारखा दिसायचो, एवढंच. म्हणाला, “आज पाठीचे शॉट घेऊ, उद्याचं उद्या बघू.”

मला कपडेपटात पाठवलं. तिथे हे मास्तर. तेव्हा वय एकोणतीस, तोंडात चार टाचण्या. या माणसाच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या, त्यामुळे मुळातच बोलणं कमी. मापाचा आकडा मात्र ते टाचण्या काढून, खणखणीत आवाजात बोलायचे, आणि कोपऱ्यात मशीनवर बसलेल्या वहिनी तो वहीत लिहायच्या. ‘छाती अडतीस. खांदा साडेसतरा. कंबर तीस.’ कंबर तीस म्हटल्यावर ते एक पाऊल मागे गेले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वहिनींना म्हणाले, “अगं, याला कोट घालायला मजा येईल.” माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. माझ्या वडिलांनीही तोवर माझ्याबद्दल इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं.

त्या नटाचा पांढरा कोट जेवणाच्या सुट्टीपर्यंत मास्तरांनी पूर्ण उसवला आणि माझ्या अंगावर पुन्हा शिवला. मी तो घालून जिन्यावरून उतरलो. पाठीचे शॉट घ्यायचे होते, दिग्दर्शकांनी तोंडाचेही घेतले. पुढचं तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांना ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या शिंप्यांकडे लोक माझा फोटो घेऊन जायचे आणि म्हणायचे, असा कोट पाहिजे. शिंपी म्हणायचे, कोट देतो, कंबर कुठून देऊ?

मग काय विचारता! वीस चित्रपट. मी जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागलो. प्रत्येक चित्रपटाआधी माप घेण्याचा मी सोहळा केला. वार्ताहर यायचे, छायाचित्रकार यायचे, मी हात पसरून उभा. मास्तर टाचण्या काढायचे आणि म्हणायचे, “कंबर तीस!” लोक टाळ्या वाजवायचे. अहो, कंबरेला टाळ्या! आज हसू येतं. तेव्हा मला वाटायचं, हे माझं कर्तृत्व आहे.

मी एकोणचाळीस वर्षांचा असताना, एका सकाळी, मास्तरांनी टाचण्या काढल्या आणि म्हणाले, “कंबर एकतीस.”

खोलीत आणखी दोन माणसं होती, बस्स. पण मी जे काही आकांडतांडव केलं! म्हणालो, मास्तर, तुमची टेप आटली आहे, पावसात भिजवलीत वाटतं. टेप त्यांच्या हातातून ओढून खिडकीबाहेर फेकली. तीन दिवस शूटिंगला गेलो नाही. निर्माता स्वतः घरी नवी टेप घेऊन आला, आणि चौथ्या दिवशी मास्तरांनी त्या नव्या टेपने माप घेतलं. म्हणाले, “तीस.” मी म्हणालो, “बघा! मी सांगत नव्हतो?”

त्या दिवसापासून माझी कंबर कायम तीस राहिली. बत्तीस झाली तरी तीस, तेहतीस झाली तरी तीस. घरात आरसा होता, वजनकाटा होता, बायको होती. तिघांवरही माझा विश्वास नव्हता. विश्वास फक्त मास्तरांच्या टेपवर. बायको पहिल्या रांगेत बसली आहे आणि मान डोलावते आहे, पाहा. होय गं, तू सांगितलं होतंस.

आणि कोट तर बरोबर बसायचे! हे कसं व्हायचं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला पडला नाही. सुखात असलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. माझं वय वाढत होतं, पण माप वाढत नव्हतं, म्हणून मी भूमिकाही त्याच घेत राहिलो. सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मी कॉलेजात शिकत होतो. एका चित्रपटात तर माझ्या वडिलांचं काम करणारा नट माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता. मला भेटला की तो बिचारा मला ‘दादा’ म्हणायचा आणि शॉट सुरू झाला की ‘बाळ’ म्हणायचा. चित्रपट आपटत होते. मी म्हणायचो, प्रेक्षकांची अभिरुची बिघडली.

तेव्हा एका निर्मात्याच्या डोक्यात आलं की जुना जिना पुन्हा उभा करू, पांढरा कोट पुन्हा घालू. मीही हुरळलो. शूटिंगच्या दिवशी तुडुंब गर्दी. नायिका बावीस वर्षांची. संगीत सुरू झालं, मी उतरलो, तिचा रुमाल पडला, मी ऐटीत वाकलो.

आवाज अजून माझ्या कानात आहे. मानेपासून कंबरेपर्यंत, पाठीची शिवण उभी फाटली.

मग ती पोरगी हसली. लहान होती हो, तिला आवरलं नाही. तिच्यामागोमाग दोनशे माणसं हसली. आणि मी ओरडलो, “कोणी कापला हा कोट?”

मास्तर पुढे आले. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, बाहीला टोचून ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माझं चुकलं, साहेब. बेतताना चुकलं.”

मी काय काय बोललो ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. एवढं सांगतो की त्या दुपारीच मी निर्मात्याला बजावलं, हा माणूस कपडेपटात दिसला तर मी सेटवर येणार नाही. संध्याकाळच्या आत मास्तरांची मशीन मागच्या गोदामात गेली, जिथे जुने फाटके पोशाख दुरुस्त करतात. हे ते ‘स्वेच्छेने’. संचालिका बाई, तेव्हा तुम्ही इथे नव्हता, पण पुढच्या छपाईत ती ओळ बदलाल, अशी विनंती करतो.

तो चित्रपट पूर्ण झालाच नाही. त्यानंतरचे दोन कोणी पाहिले नाहीत. मग फोन वाजायचा थांबला. मी अधूनमधून रिसीव्हर उचलून बघायचो, बंद तर नाही ना पडला. दुकानांची उद्घाटनं केली. पुढे दुकानंही बोलावेनाशी झाली. एकदा बँकेत रांगेत उभा होतो, मागच्या बाई निरखून म्हणाल्या, “तुम्ही अगदी त्या नटासारखे दिसता, काय बरं त्याचं नाव? तो वारला ना?” मी म्हणालो, हो, बरीच वर्षं झाली. आमची मुलगी अजून मला त्यावरून चिडवते. चिडवू दे. पण त्या दिवशी घरी येऊन मी दार लावून रडलो, हे तिला आज कळतं आहे.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मी साठीला टेकलो आणि एक तरुण दिग्दर्शिका घरी आली. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, निळ्या कपड्यांत. म्हणाली, “एका निवृत्त घड्याळजीची भूमिका आहे. बायको गेलेली आहे, गुडघे दुखतात, पोट सुटलेलं आहे.” मी म्हणालो, “पोट लावावं लागेल.” तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे चहाचा कप उचलला. म्हणाली, “माप द्यायला स्टुडिओत जाऊन या.”

कपडेपटाची तेव्हा रंगरंगोटी चालू होती. शिपाई म्हणाला, मागे गोदामात जा, सगळं काम तिकडेच चाललं आहे. मी गेलो. जुन्या झग्यांच्या रांगेतून वाट काढत आत गेलो, तर कोपऱ्यात वहिनी मशीनवर आणि मास्तर त्यांच्या शेजारी. केस पांढरे, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.

ते उठले. मी हात पसरून उभा राहिलो, सवयीने. टेप माझ्या कंबरेभोवती आली. मी श्वास आत घेतला, तोही सवयीने. मास्तर थांबले. टाचण्या काढल्या. म्हणाले, “साहेब, आकडा बोलू का?” मी म्हणालो, “बोला.” ते म्हणाले, “आधी श्वास सोडा.”

मंडळी, मी श्वास सोडला. कित्येक वर्षांनी सोडला असेल. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, “चाळीस.”

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. जुनी सवय हो, टेप फेकायला हातही उचलला. तेवढ्यात वहिनी मशीनवरून उठल्या. म्हणाल्या, “भाऊजी, हे तुम्हाला मरेपर्यंत सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते,” आणि माझ्या नावाची वही माझ्यापुढे आपटली. मास्तर म्हणाले, “अगं, राहू दे.” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही टाचण्या घाला तोंडात.”

त्या वहीत, एकतिसाचं रामायण झालं त्या दिवसापासून, दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं ‘बोलायचे’, दुसऱ्यावर ‘कापायचे’. बोलायचे तीस, कापायचे एकतीस. बोलायचे तीस, कापायचे बत्तीस. बोलायचे तीस, कापायचे तेहतीस. मास्तर तोंडाने तीस म्हणायचे आणि माझ्या पाठीमागे, टेप धरलेल्या हाताची बोटं वहिनींना दाखवायचे. दोन बोटं म्हणजे दोन इंच जास्त. सात वर्षं माझ्या पाठीमागे हा कारभार चालला होता, आणि मी पुढे छाती काढून उभा!

मी पान उलटलं. पांढऱ्या कोटाचं पान आलं. तिथे अक्षर वेगळं होतं, आणि एकच रकाना भरलेला होता. कंबर तीस.

वहिनींनी सांगितलं, त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांच्या जागी बदली कारागीर बसला होता. मास्तरांनी नेहमीप्रमाणे ‘तीस’ म्हटलं, नेहमीप्रमाणे मागे चार बोटं दाखवली आणि इस्पितळात धावले. लिहिणाऱ्या नव्या माणसाला बोटांची खूण माहीत नाही, हे त्या धावपळीत त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्या बिचाऱ्याने कानांनी ऐकलं ते लिहिलं, आणि लिहिलं तसं कापलं. शूटिंगच्या सकाळी मास्तर परत आले, त्यांनी कोट पाहिला. शिलाईत जेवढं जास्तीचं कापड होतं तेवढं त्यांनी सोडलं, आणि मला म्हणाले होते, “साहेब, आज वाकू नका.” मला आठवलं. तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, “मला अभिनय शिकवू नका.”

विचार करा. त्या दिवशी दोनशे माणसांसमोर त्यांना एक वाक्य बोलायचं होतं. ‘साहेब, तुमची कंबर चौतीस आहे.’ बस्स. नोकरी राहिली असती, मान राहिला असता, पंचवीस वर्षं पोरंसोरं त्यांच्या नावाने हसली नसती. पण ती दोनशे माणसं मग आणखी जोरात हसली असती, माझ्याकडे बघून. म्हणून या माणसाने माझं हसं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं.

आणि हे सगळं कळल्यावर मी काय केलं? पाय धरले? मिठी मारली? मी विचारलं, “घड्याळजीचा स्वेटर कधी मिळेल?” आणि बाहेर पडलो. जीभ रेटली नाही हो.

घड्याळजीचा चित्रपट तुम्ही पाहिलात. त्यात म्हातारा लग्नातला जुना कोट घालून बघतो, पोट आत ओढून बटण लावतो, मग आरशात स्वतःकडे बघत हळूच श्वास सोडतो आणि बटण तुटून पडतं. समीक्षकांनी त्यावर रकाने भरले. पारितोषिकं मिळाली. पुन्हा कामं आली, आजही येत आहेत, म्हाताऱ्यांची, माझ्या मापाची. मुलाखतीत विचारतात, तो प्रसंग कसा सुचला? मी काहीतरी भारदस्त सांगून वेळ मारून नेतो. खरं उत्तर असं आहे की तो मला गोदामात शिकवला गेला, आणि शिकवणाऱ्याचं नाव घ्यायला मी अकरा वर्षं लावली.

मास्तर, या. इकडे या, माइकजवळ. अहो, लाजता काय? टेप आहेच गळ्यात, समारंभालाही काढली नाहीत. वहिनी, तुम्हीही या, वही आणा. मी तुम्हाला मुद्दाम आणायला सांगितली होती ना? हं. मी हात पसरतो. घ्या माप, आणि बोला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काय?

ऐकलंत ना मंडळी? ‘तीस’ म्हणतात! हसू नका, हसू नका. अहो मास्तर, निरोपाच्या दिवशीसुद्धा? आणि मागे बोटं दाखवताय, पुरत नाहीत म्हणून मुठींची उघडझाप करताय, ते समोरच्यांना सगळं दिसतं आहे!

थांबा, मी चष्मा लावतो. माझी कंबर मी स्वतः वाचतो. बेचाळीस. मंडळी, माझी कंबर बेचाळीस आहे, आणि तो कोट फाटला त्या दिवशी चौतीस होती. कोट मास्तरांनी फाडला नाही, मी फाडला. यापुढे या स्टुडिओत शिवण उसवली तर माझं नाव घेऊन हसा, मला आनंद वाटेल. वहिनी, लिहा, बेचाळीस. दोन्ही रकान्यांत लिहा.

भाषणाच्या शेवटी, काही उणंअधिक बोललो असेन तर सांभाळून घ्या, असं म्हणायची पद्धत आहे. श्रोतेहो, तुम्ही उदार आहात, वेळेचं उल्लंघनही तुम्ही आणि अध्यक्षमहोदय पोटात घालाल. समितीचा मी ऋणी आहे, त्यांचं भाषण वाचलं नाही तरी जपून ठेवीन. मला खरी माफी एकाच माणसाची मागायची आहे, आणि तो आत्ता माझ्या कंबरेला टेप लावून, डोळे पुसत उभा आहे.

माझं चुकलं, मास्तर. बोलताना चुकलं, आणि मग इतकी वर्षं बोललो नाही, तेही चुकलं.

आता टेप सोडा, म्हणजे मला खाली बसता येईल. आभारी आहे.